बिल हवंय? मग १८ टक्के जादा

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हा ग्राहक संरक्षण परिषद,
अहिल्यानगर



नेप्तीच्या उपबाजारात शेतकरी कांद्याच्या गोण्या उतरवतो, लिलाव होतो, वजन होते आणि शेवटी त्याच्या हातात हिशोबपट्टी पडते. गोण्या किती, वजन किती, भाव काय निघाला, हमाली-तोलाई किती कापली, हातात काय उरले, सगळे त्या चिठोऱ्यावर असते. पट्टीवरचा भाव बघून तोंड कडू झाले तरी पट्टी घेतल्याशिवाय कुणी बाजाराबाहेर पडत नाही. उसाचेही तेच. प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याने पहिला हंगाम घेतल्याला आता पाऊणशे वर्षे होत आली. तेव्हापासून काट्याची पावती जपून ठेवायची, हे इथल्या घराघरांत मुरले आहे. पण हाच शेतकरी कांद्या-उसाच्या पैशातून घराचे काम काढतो, तेव्हा चार-पाच लाखांचा व्यवहार ओट्यावर बसून, चहाच्या दोन घोटांत, तोंडी उरकतो. ‘भाऊ, तुम्ही काळजीच करू नका, घरचं काम समजून करतो,’ असे म्हणून मिस्त्री ५० हजारांची उचल खिशात घालतो. त्याची पावती मागणे म्हणजे जणू त्याच्यावर संशय घेणे.

हे पत्र आपल्यालाच का, तर त्याचे कारण कायद्यात आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील कलम ८ नुसार जिल्हा ग्राहक संरक्षण परिषदेचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे असते आणि परिषदेच्या वर्षातून किमान दोन बैठका व्हाव्या लागतात. परिषद सल्लागार आहे, तिला कुणाला दंड करता येत नाही, हे खरे. पण कलम १६ जिल्हाधिकाऱ्यांना ग्राहकांच्या हक्कांवर येणारी गदा आणि अनुचित व्यापारी प्रथा यांची चौकशी करून अहवाल पाठवण्याचा अधिकार देते. वजनमापे, रेशन, गॅस हे विषय अशा बैठकीत कुणाला वेगळे सुचवावे लागत नाहीत. घरदुरुस्तीचा विषय मात्र सुचवावा लागतो.

तोंडी करार बेकायदा नसतो, हे आधीच सांगितलेले बरे. १८७२ च्या करार कायद्याने तोंडी शब्दालाही किंमत दिली आहे. अडचण येते ती वाद झाल्यावर. काय ठरले होते हे सिद्ध कसे करायचे? ओट्यावरच्या चहाला साक्षीदार असतो तो शेजारी, आणि त्यालाही दोन्ही घरी तोंड दाखवायचे असते.

बिलाचे तसे नाही. २०१९ च्या कायद्यात दिलेल्या सेवेचे बिल किंवा पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा म्हणून स्पष्ट नोंदवली आहे. २०२० च्या नियमांनी पावतीवर काय काय हवे तेही सांगितले आहे: सेवा देणाऱ्याचे नाव-पत्ता, अनुक्रमांक, तारीख, ग्राहकाचे नाव, मालाचा किंवा सेवेचा तपशील, नग किंवा परिमाण, किंमत, सूट, कराचा दर आणि सही. म्हणजे बाथरूमच्या टाइल्स बसवून देणाऱ्याने ‘एकूण ८५,००० मिळाले’ असे सिगारेटच्या पाकिटाच्या पाठीवर लिहून देणे पुरेसे नाही. तेवढेही बहुतेक वेळा मिळत नाही, हा भाग वेगळा.

आता त्या प्रसिद्ध वाक्याकडे येऊ. सावेडी असो, केडगाव असो की श्रीरामपूर-संगमनेर, घरमालकाने बिलाचा विषय काढला की समोरून उत्तर ठरलेले असते: ‘पक्कं बिल पाहिजे का? मग १८ टक्के जादा लागतील.’ दोन लाखांच्या कामावर ३६ हजार. घरमालक हिशोब करतो आणि गप्प बसतो. बिलाची मागणी जिल्ह्यात कुठे मरत असेल, तर ती याच वाक्यापाशी.

आणि हे वाक्य बऱ्याच वेळा चुकीचे असते. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल, तर साधारणपणे त्याला जीएसटी नोंदणी घ्यावी लागत नाही. नोंदणी नसलेल्या माणसाला बिलावर जीएसटी लावताच येत नाही; पण जीएसटी नसलेले बिल मात्र तो देऊ शकतो आणि ग्राहक कायद्याप्रमाणे त्याने ते द्यायला हवे. नोंदणी आहे, उलाढाल ५० लाखांच्या आत आहे आणि त्याने कंपोझिशन योजना घेतली असेल, तर ६ टक्के कर तो स्वतःच्या खिशातून भरतो; तो ग्राहकाकडून वेगळा वसूल करता येत नाही आणि ‘बिल ऑफ सप्लाय’ द्यावे लागते. स्वतःच्या राहण्यासाठी सुटा बंगला नव्याने बांधायचा असेल आणि ठेकेदार फक्त मजुरी घेत असेल, तर त्या मजुरीवर जीएसटी माफ आहे. ही सवलत नव्या बांधकामाला आहे, दुरुस्तीला नाही. तिथे कंपोझिशन योजनेत नसलेल्या नोंदणीकृत ठेकेदाराचे १८ टक्के खरेच लागतात. पण तेव्हा त्याचा १५ अक्षरी क्रमांक बिलावर असला पाहिजे, महाराष्ट्रातला असेल तर २७ ने सुरू होणारा, आणि तो जीएसटीच्या पोर्टलवर दोन मिनिटांत तपासता येतो. १८ टक्के सांगायचे, रोख घ्यायचे आणि क्रमांक विचारला की विषय बदलायचा, हा प्रकार कर बुडवण्याचाही नाही, सरळ खिसा कापण्याचा आहे.

पावती देणे आणि कर लावणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एवढी एक ओळ जिल्ह्यातल्या प्रत्येक हार्डवेअरच्या दुकानाबाहेर लागली, तरी पुष्कळ काम होईल. (त्याच दुकानांच्या जुन्या बिलबुकांवर २०२४ च्या नामांतरानंतरही ‘अहमदनगर’ छापलेले सापडते, ती बिलबुके संपेपर्यंत वापरायला कुणाची हरकत नसावी. बिलबुक आहे, हीच मोठी गोष्ट.)

फ्लॅट घेणाऱ्याचे संरक्षण या बाबतीत बरेच पुढे गेले आहे. २०१६ चा रेरा कायदा सांगतो की करार नोंदवल्याशिवाय बिल्डरने किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायची नाही, आणि ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा. कराराचा नमुनाही ठरलेला आहे. पण विक्री किंवा नवे वाटप नसलेली दुरुस्ती आणि नूतनीकरण त्याच कायद्याने नोंदणीतून वगळले आहे. साहजिकच आहे, रेरा विक्रीसाठी आहे. परिणाम असा की बुरुडगाव रोडला नवा फ्लॅट घेणाऱ्याला १० टक्क्यांची ढाल मिळते आणि शेजारच्या गल्लीत आईवडिलांच्या जुन्या घराची गच्ची वॉटरप्रूफ करून घेणारा ६० टक्के आधी देऊन मोकळा होतो. रंग, गिलावा, फरशी या कामांना बांधकाम परवानगीही लागत नाही. म्हणजे कुठल्याच कार्यालयात त्या कामाचा एकही कागद तयार होत नाही.

ग्राहक आयोगाचा दरवाजा मात्र उघडा आहे आणि तो बऱ्याच आधी उघडला गेला. लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९९३ मध्ये निकाल दिला की घरबांधणीतल्या अशा तक्रारी स्थावर मालमत्तेचे वाद नाहीत, त्या सेवेतल्या त्रुटी आहेत. त्याच वर्षी तेव्हाच्या ग्राहक कायद्यातल्या ‘सेवे’च्या व्याख्येत घरबांधणी हा शब्दही आला. आज मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात जाते, ५ लाखांपर्यंत शुल्क शून्य, मुदत दोन वर्षे. २०१९ च्या कायद्याने आणखी एक सोय केली: तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथेही दाद मागता येते. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या मुलाने पाथर्डीतल्या घराचे काम स्वतः ठरवून फोनवरून पैसे पाठवले असतील, तर त्याला सुनावणीसाठी दर वेळी नगर गाठायची गरज नाही. एक मेख मात्र ध्यानात ठेवावी लागते. गवंडी-बिगारी रोजंदारीवर लावून घरमालक स्वतःच देखरेख करत असेल, तर ती व्यक्तिगत चाकरी ठरू शकते आणि ती ‘सेवे’च्या व्याख्येबाहेर आहे. काम उक्ते दिले, तर ती सेवा. कोणत्या पद्धतीने दिले होते हे दाखवायला पुन्हा कागदच लागतो.

कागद नसेल तर व्हॉट्सअॅप आहे, यूपीआयच्या नोंदी आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात अशा नोंदी कलम ६३ च्या प्रमाणपत्रासह मांडता येतात. पण ‘हो दादा, होऊन जाईल’ या आवाजी संदेशातून टाइल्स कोणत्या प्रतीच्या ठरल्या होत्या हे कुठल्या आयोगाने काढायचे?

भांडण नेमके कशावरून होते, ते एका खोलीपुरते पाहावे. खोली १० बाय १२ फुटांची, उंची १० फूट. चार भिंतींचे क्षेत्रफळ भरते ४४० चौरस फूट. त्यात ३ बाय ७ चे एक दार आणि ४ बाय ४ च्या दोन खिडक्या. म्हणजे ५३ चौरस फूट भिंत मुळात नाहीच. मिस्त्री गिलाव्याचे आणि पुट्टीचे माप ४४० धरतो, कारण दारा-खिडक्यांच्या कडा, छज्ज्याखालची बाजू यांची बारीक मेहनत त्याला वेगळी मिळत नाही. मालक ३८७ धरतो, कारण जिथे भिंत नाही तिथे पुट्टी कसली? फरक १२ टक्क्यांचा, आणि आपापल्या जागी दोघेही खरे. यावर तोडगा कधीचाच निघालेला आहे. बांधकामाच्या मोजमापासाठी आयएस १२०० हे भारतीय मानक आहे आणि त्याच्या बाराव्या भागात गिलाव्याचा नियम दिला आहे: अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या जागेची वजावट करायची नाही, अर्धा ते तीन चौरस मीटर असेल आणि दोन्ही बाजूंना तोच गिलावा असेल तर एकाच बाजूची वजावट, कडांचे पैसे त्यातच आले. वरच्या खोलीतले दार आणि खिडक्या या दुसऱ्या गटात बसतात. म्हणजे आतून वजा केले तर बाहेरून नाही, आणि बाहेरून केले तर आतून नाही. सरकारी कामे या नियमाने मोजली जातात. खासगी घरात हा नियम माहीत असलेला माणूस शोधावा लागतो, म्हणून दोन-दोन वर्षे बोलणे बंद राहते.

जिल्हा प्रशासनाला यातले काहीच नवे नाही. एखाद्या शासकीय निवासस्थानाचा रंग काढायचा म्हटले तरी सार्वजनिक बांधकाम विभाग अंदाजपत्रक करतो, दरसूची बघतो, कार्यारंभ आदेश देतो, मोजमाप पुस्तकात नोंद घेतो आणि दोष दायित्वाचा काळ ठरवून ठेवतो. प्रधानमंत्री आवास योजनेतल्या घरकुलाचे १ लाख २० हजार रुपयेसुद्धा एकरकमी मिळत नाहीत. जोत्यापासून पुढे टप्प्याटप्प्याचे फोटो चढवले की पुढचा हप्ता. सरकार स्वतःचा पैसा देताना एवढी काळजी घेते आणि ती योग्यच आहे. शिवाय यातला प्रत्येक कागद मागायचा अधिकार नागरिकाला आहे. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीतून अण्णा हजारे यांनी त्यासाठी लढा दिला, आणि २००५ च्या केंद्रीय माहिती अधिकार कायद्यात नागरिकाला चालू कामाची पाहणी करण्याचा आणि वापरल्या जाणाऱ्या साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार आहे. गावातल्या रस्त्याचे डांबर तपासायचा हक्क इथे मिळाला. स्वतःच्या गच्चीवरच्या कोब्यात काय घातले, हे विचारायचा संकोच मात्र गेला नाही.

कोब्याचा विषय निघालाच आहे, तर गच्चीची गोष्ट वेगळी सांगायला हवी. इथला पाऊस मुळात बेताचा. एप्रिलमध्ये वॉटरप्रूफिंग करून ‘१० वर्षांची गॅरंटी’ तोंडी मिळते. गळती कळते ती सप्टेंबरच्या झडीत, आणि तोवर फोन लागत नाही. गच्चीवर दोन-तीन दिवस पाणी साठवून बघणे आणि काही रक्कम एक पावसाळा होईपर्यंत हातात राखणे, हे दोन साधे उपाय आहेत. जुन्या, सचोटीच्या मिस्त्रींना ते ठाऊक असतात आणि ते कबूलही करतात. पण हे आधी ठरलेले असावे लागते. काम झाल्यावर पैसे अडवून धरले, तर ती मालकाची लबाडी ठरते.

तशा लबाड मालकांचीही या जिल्ह्यात कमी नाही, आणि हे पत्र ठेकेदारांविरुद्धचे आरोपपत्र समजले जाऊ नये. ‘एवढा एक कट्टा करून द्या’, ‘एवढी एक पायरी वाढवा’ असे म्हणत जादा कामे करून घ्यायची आणि शेवटच्या हिशोबात ती ‘त्यातच होती’ म्हणायचे, हा मालकांचा जुना खाक्या. ठेकेदार ग्राहक नसल्याने त्याला आयोगाचे शुल्कमाफ दार नाही. त्याला दिवाणी न्यायालयात जावे लागते, तेही तीन वर्षांच्या आत. मजूर आठवड्याच्या बाजारादिवशी पैसे मागतात, सिमेंटवाल्याची उधारी चढलेली असते आणि अडकलेली रक्कम सोडून देणेच त्याला परवडते. जादा काम सुरू करण्याआधी मालकाची एक सही त्याच्याकडे असली, तर हा माणूस वाचतो.

लेखी दर आणि अधिकृत पावती यांचा एक प्रयोग याच जिल्ह्यात झाला होता. १ मे २०२३ रोजी राज्यातले पहिले शासकीय वाळू विक्री केंद्र श्रीरामपूर तालुक्यातल्या नायगावला सुरू झाले: ६०० रुपये ब्रास, ऑनलाइन मागणी, ठरलेले माप. ते धोरण टिकले नाही. २०२५ च्या नव्या धोरणात पुन्हा लिलाव आले. धोरणाच्या गुणदोषांवर पुष्कळ बोलता येईल, पण वाळूसारख्या बदनाम धंद्यातही किती, कितीला आणि कुणाकडून, हे छापील स्वरूपात सामान्य माणसापर्यंत पोहोचवता येते, एवढे तिथे दिसले.

परदेशात काय चालते, हे तिकडे गेलेल्या मुलांकडून नगरच्या अनेक घरांत कळते. कॅलिफोर्नियात घरदुरुस्तीच्या ठेकेदाराला आगाऊ रक्कम १० टक्के किंवा १,००० डॉलर, यांपैकी जे कमी असेल तेवढीच घेता येते. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताच्या २००२ च्या ग्राहक कायद्यात करारात अंदाज दिला असेल, तर अंतिम बिल त्या अंदाजापेक्षा १० टक्क्यांहून जास्त वाढू शकत नाही. तिकडचा कायदा उचलून इकडे आणा, अशी मागणी इथे नाही. कायदा करणे आपल्या हातात नाही, आणि नवा कायदा झाला तरी तो कर्जत-जामखेडच्या ओट्यापर्यंत यायला किती वर्षे लागतील, ते आपल्याला अधिक ठाऊक.

कुणी शनिशिंगणापूरचा दाखला देईल. नेवासा तालुक्यातल्या त्या गावात घरांना दारे-कुलपे नसण्याची परंपरा आहे आणि २०११ मध्ये युको बँकेने तिथे कुलूप नसलेली शाखा उघडली, म्हणून देशभर कौतुक झाले. विश्वासाची ही थोरवी मान्य. पण त्या शाखेतही पैसे भरल्यावर पावती मिळते.

मागणी एका पानाची आहे. परिषदेने घरदुरुस्तीसाठी मराठीत कराराचा एक नमुना आणि त्याच्या पाठीमागे पावत्यांचा तक्ता तयार करून द्यावा. त्यात दोघांचे नाव-पत्ता-मोबाइल, ठेकेदाराकडे जीएसटी क्रमांक असेल तर तो, नसेल तर ‘नोंदणी नाही’ अशी स्वच्छ ओळ असावी. काम कोणते, माल कुणी आणायचा, सिमेंट-टाइल्स-रंग कोणत्या कंपनीचे आणि कोणत्या प्रतीचे, हे लिहायला जागा असावी. दर चौरस फुटाचा की रनिंग फुटाचा की उक्ता, आणि माप आयएस १२०० प्रमाणे की दारे-खिडक्या वजा न करता ‘भरीव’ धरून, यापुढे फक्त खूण करायची. कामाची सुरुवात आणि शेवट, हप्ते कोणत्या टप्प्याला, जादा कामाला आधी सही, शेवटची राखीव रक्कम किती आणि कधीपर्यंत, राडारोडा कुणी उचलायचा, पाणी-विजेचा खर्च कुणाचा, कामावर माणूस पडला तर जबाबदारी कुणाची. या शेवटच्या ओळीवर लोक हमखास अडखळतील, म्हणूनच ती छापलेली हवी. तळाला दोन सूचना: एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर आयकर कायद्याने घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो, आणि तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

मुद्रांकाचा प्रश्न कुणीतरी काढेलच. १० लाखांपर्यंतच्या काम-कराराला ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो. तो नसला म्हणून करार रद्द होत नाही, न्यायालयात पुरावा म्हणून मांडताना शुल्क आणि दंड भरावा लागतो. हेही त्या पानावर दोन ओळींत बसेल.

हे पान सेतू केंद्रांत, ग्रामपंचायतींत, महानगरपालिकेच्या नगररचना विभागाच्या खिडकीवर आणि जे ठेवायला तयार असतील त्या हार्डवेअर व टाइल्सच्या दुकानांत ठेवता येईल. मसुदा करताना ग्राहक संघटनांबरोबर दोन गवंडी, एक फरशीवाला आणि एक फॅब्रिकेशनवाला यांनाही टेबलाशी बसवावे. नाहीतर वकिली भाषेतले चार पानी काहीतरी तयार होईल आणि ते कुणी भरणार नाही. दिवाळीआधी रंगकामाची आणि फरशीची गर्दी सुरू होते. परिषदेची पुढची बैठक त्याच्या आधी झाली आणि विषयपत्रिकेवर हा विषय आला, तर या वर्षीची कामे नव्या पानावर ठरू शकतील. मसुद्यावर हरकती-सूचना मागवल्या, तर त्या पाठवायला लोक तयार आहेत.

कळावे,
अहिल्यानगर जिल्ह्यातला एक घरमालक